दाव्यातून किती वगळता येते?

प्रश्न : आमच्या युरोपीय पेटंट अर्जात ५ ते २० टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूचा दावा (ज्यावर पेटंटचे संरक्षण मागितले आहे तो भाग) आहे. आमच्या आधी दाखल झालेल्या, पण नंतर प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अर्जात नेमका १२ टक्के निकेलचा तसाच मिश्रधातू निघाला. आमच्या मूळ अर्जात १२ टक्क्यांचा वेगळा उल्लेख नाही. ‘१२ टक्के वगळून’ असा डिस्क्लेमर, म्हणजे दाव्यातून काही भाग वगळणारा मजकूर, घालता येईल का? खबरदारी म्हणून १० ते १५ टक्के वगळले तर?

उत्तर : पहिली दुरुस्ती मान्य होण्याजोगी आहे, दुसरी नाही. युरोपीय पेटंट कराराच्या कलम १२३(२) नुसार मूळ अर्जात नसलेला मजकूर दुरुस्तीच्या वाटेने आत आणता येत नाही. तरीही युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने २००४ साली ‘जी १/०३’ या निर्णयात मूळ अर्जात नसलेल्या डिस्क्लेमरला मोजकी मुभा दिली. तुमच्यासारखा आधी दाखल, नंतर प्रसिद्ध झालेला अर्ज नावीन्याच्या आड येत असेल, तर ती मिळते. कारण असा अर्ज केवळ नावीन्यासाठी विचारात घेतात, कल्पकतेसाठी (शोध तज्ज्ञाला सहज सुचण्याजोगा नव्हता ना, या कसोटीसाठी) नाही. जुना दस्तऐवज इतक्या दूरच्या विषयातला असेल की तुमच्या क्षेत्रातल्या तज्ज्ञाने तो पाहिलाच नसता, किंवा तांत्रिक नसलेल्या कारणाने एखादी बाब पेटंटयोग्य नसेल, तरीही ती मिळते.

मात्र नावीन्य परत मिळवण्यापुरतेच वगळायचे असते. १० ते १५ टक्क्यांचा पट्टा काढलात तर आधीच्या अर्जात नसलेले ११ आणि १४ टक्केही तुम्ही सोडून देता, आणि मग ही निव्वळ वगळणूक न राहता दाव्याची नवी आखणी होते. मोह होतो तो इथेच, असा माझा अनुभव आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे ‘१२ टक्के टाळल्याने गंज कमी चढतो’ असा युक्तिवाद पुढे करणे, कारण डिस्क्लेमरने शोधात तांत्रिक भर घालता कामा नये, हे २०१७ च्या ‘जी १/१६’ ने पुन्हा बजावले आहे.

१२ टक्क्यांचा मिश्रधातू तुमच्याच अर्जात उदाहरण म्हणून दिलेला असता, तर २०११ च्या ‘जी २/१०’ ची कसोटी लागली असती : वगळल्यानंतर उरते ते मूळ अर्जातून तज्ज्ञाला थेट आणि निःसंदिग्धपणे कळते का?

शब्दरचना आताच नीट तपासून घ्या. पेटंट मंजूर झाल्यावर डिस्क्लेमर काढून टाकला तर संरक्षणाची व्याप्ती वाढते, आणि ते कलम १२३(३) ला चालत नाही.