मधलं पान कुठंय?

प्रश्न सांगलीच्या एका गायकाचा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी सहा गाणी एका लेबलला, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीला दिली. शब्द, चाल, आवाज सगळं त्यांचंच. करारात ‘सर्व हक्क कंपनीकडे हस्तांतरित’ असं आहे. आता तीच गाणी स्वतः डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी अ‍ॅपवर चढवून देणारी सेवा) स्पॉटिफाय, जिओसावनवर टाकायची आहेत, तर लेबल म्हणतं, ती कायमची आमची. २०२१ पासून हिशोबही दिलेला नाही.

करारनाम्याचं पहिलं आणि शेवटचं पान तुम्ही पाठवलंत. मधलं कुठंय? अशी पत्रं नेहमी येतात. सहीचं पान प्रत्येकानं जपलेलं असतं, मुदतीचं मात्र कुणी वाचलेलंही नसतं.

तुमचं सगळं त्या पानावर अडलंय. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १९(५): हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरायची. ‘सर्व हक्क’ या शब्दांतून कोणते हक्क दिले ते कळतं, किती वर्षांसाठी ते नाही. हे हस्तांतर नव्हे, लायसन्स (नुसती वापराची परवानगी) आहे असं लेबलनं म्हटलं, तरी कलम ३०अ मुळे नियम तोच. म्हणजे मधल्या पानावर मुदत नसेल, तर तुम्ही दिलेले हक्क फेब्रुवारी २०२५ मध्येच तुमच्याकडे परत आले. ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असं काही निघालं, तर मात्र हा मुद्दा संपला. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट साठ वर्षं चालतो! मग कलम १९(१०) खाली गीतकार-संगीतकार म्हणून रॉयल्टीत समान वाटा मागणं एवढंच बहुधा हाती उरेल.

स्टुडिओचे पैसे कोणी भरले, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. रेकॉर्डिंग करायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, तो कायद्यानं त्याचा निर्माता. तो लेबल असेल, तर शब्द-चाल परत आली तरी मूळ रेकॉर्डिंग तुमचं होणार नाही, गाणी पुन्हा रेकॉर्ड करावी लागतील. स्टुडिओची पावती शोधा.

हिशोबाबद्दल फार आशा ठेवू नका. पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि तुम्ही तेवढी वर्षं फोनच करत बसलात. त्या मुदतीत लेबलनं देणं लेखी कबूल केलेलं असेल तर काही जुनी रक्कम वाचेल.

आत्ता काही अपलोड करू नका. लेबलनं हक्क सांगितला की नवा डिस्ट्रिब्युटर गाणी काढून टाकेल. आधी नोटीस द्या आणि तीत प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक मागा. पुढे तेच रेकॉर्डिंग त्याच कोडनं चढवलं, तर जुने प्ले सहसा टिकतात.

दाव्यासाठी मुंबईला जायला नको, कलम ६२ मुळे सांगलीच्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो; करारात लवादाचं कलम असेल तर वेगळं. मनाई हुकूम तातडीनं मागायचा नसेल, तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. त्यानंतरच्या तारखा किती पडतील ते मला विचारू नका. नोटिशीचा मसुदा मधलं पान पाहिल्यावर करू. फोटो काढताना चारही कोपरे येऊ द्या.