हॅम रेडिओच्या क्लस्टरवर नवीन आलायस तर आधी हे कर

अरे भावा, हॅम रेडिओचं लायसन्स आलं, अभिनंदन, पण क्लस्टरला (कोणतं स्टेशन कुठं ऐकू येतंय ते हॅमवाले एकमेकांना कळवतात ती ऑनलाइन यादी) जोडला की लगेच स्पॉट, म्हंजे ‘हे स्टेशन या फ्रिक्वेन्सीवर ऐकलं’ अशी नोंद, टाकायला बसू नको. आधी स्वतःची माहिती भर. सेट नेम (नाव), सेट क्यूटीएच (ठिकाण) अन् सेट क्यूआरए (लोकेटर, म्हंजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा कोड), या ३ कमांड एकदाच द्यायच्या. क्यूटीएचमध्ये नुसतं ‘इंडिया’ लिहू नको, लातूर लिही, अन् क्यूआरएमध्ये लातूरचा लोकेटर एमके८८. म्हंजे समोरच्याला अंतर अन् अँटेना कुठं फिरवायची ते कळतंय. मी सुरुवातीला नांदेडला राहून छत्रपती संभाजीनगरचा एमके७९ टाकून बसलो होतो, कैक महिने कुणी चूक सांगितलीच नाही!

स्पॉट टाकताना फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये, १४२०५ अशी, १४.२०५ नाही. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिसते, आपल्या रात्रीच्या ९ ला तिथं १५:३० असतेत, म्हणून जुना स्पॉट ताजा समजून घसा कोरडा करू नको.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय स्पॉटमध्ये टाकायचा नाही, एकानं चुकीचा टाकला की धा जण तेच लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) लिहायलेत. युरोपातल्या माणसाला ऐकू येतंय ते आपल्याकडं येईलच असं बी नाही, आधी रिसीव्हर फिरव, मग माईक दाब. स्वतःचाच स्पॉट टाकणं तर मला बिलकुल पटत नाही बघ.