बायबलमध्ये न सापडणारी शिल्पं

मध्ययुगीन चर्चच्या शिल्पांतला एखादा प्रसंग बायबलमध्ये सापडला नाही, तर गोंधळू नका. ‘याकोबाचं आद्यशुभवर्तमान’ यासारखे बायबलबाहेरचे जुने ग्रंथ उघडा. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलला पश्चिमेच्या मधल्या दारापासून डावीकडे स्तंभशीर्षं वाचत जा. सुरुवातच जोआकीम आणि अन्ना, म्हणजे मरियेच्या आईवडिलांपासून होते: मूल नाही म्हणून मंदिरात त्यांचं अर्पण नाकारलं जातं. बायबलमध्ये या दोघांची नावंसुद्धा नाहीत! येशूच्या जन्माच्या देखाव्यातले गव्हाणीजवळचे बैल आणि गाढव तरी शुभवर्तमानकार लूकने कुठे सांगितलेत? फ्रान्समधल्याच आमियाँच्या कॅथेड्रलला एका चौपाकळी चौकटीत, येशू इजिप्तमध्ये येताच तिथल्या मूर्ती कोसळतात. ती चौकट मला फार प्रिय आहे. एक मात्र सांभाळा. शार्त्रची ही स्तंभशीर्षं ११४५ ते ११५५च्या सुमाराची, तर ‘लेगेंडा ऑरिया’ ही संतकथांची प्रसिद्ध पोथी १२६०च्या आसपासची. तिच्यावरून त्यांचा उगम सांगू नका.