रिचार्जचे पैसे कोणत्या वर्षात धरायचे?

प्रश्न : माझा माल पोचवण्याचा छोटा व्यवसाय आहे. पाच मुलांकडे धंद्याचे प्रीपेड फोन आहेत. हिशेबाचं वर्ष संपायला तीन महिने उरले असताना पाचही नंबरांवर वर्षभराचा रिचार्ज एकदम मारला आणि सगळी रक्कम टेलिफोन खर्चात टाकली. आता नफा बराच खाली दिसतोय. माझा स्वतःचा नंबर २८ दिवसांच्या प्लॅनवर आहे, तो घरीही वापरते आणि धंद्यातही. हे सगळं वहीत कसं बसवायचं?
– एक वाचक

उत्तर : ताई, नफा तुम्हीच खाली ढकललाय, आणि एका नोंदीत तो वर येईल. पैसे बँकेतून गेले त्या दिवशी तुम्ही ३६५ दिवसांची सेवा विकत घेतलीत. एकेक दिवस मावळतो तसा त्यातला तेवढाच भाग खर्ची पडतो. न वापरलेले दिवस ही तुमची मालमत्ता, वहीतलं तिचं नाव 'आगाऊ दिलेला खर्च'. विम्याचा हप्ता भरला की हे सगळ्यांना आठवतं, रिचार्ज मारताना कुणाला आठवत नाही.

आकडे सोयीचे घेते. एका फोनचे ३,६५०, म्हणजे दिवसाला १०. पाच फोनचे १८,२५०. वर्षअखेरीपर्यंत ९० दिवस वापर झाला असेल, तर यंदाचा खर्च ४,५०० आणि उरलेले १३,७५० पुढच्या वर्षाचे. तुम्ही सगळी रक्कम आधीच खर्चात टाकलीये, म्हणून वर्षाच्या शेवटच्या तारखेला एकच नोंद करा : आगाऊ फोन खर्च खाते नावे १३,७५०, टेलिफोन खर्च खाते जमा १३,७५०. ताळेबंदात ही रक्कम चालू मालमत्तेत दिसेल. नवीन वर्ष लागलं की हीच नोंद उलटी फिरवायची. हे विसरलात तर पुढच्या वर्षीचा नफा फुगेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल!

हे झालं व्यापारी पद्धतीनं, म्हणजे ज्या काळाचा खर्च त्याच काळात धरून, हिशेब ठेवणाऱ्यांसाठी. रोख पद्धतीत पैसे दिले त्या दिवशीच खर्च. करासाठी कोणती पद्धत चालते ते तुमच्या सल्लागाराला विचारा.

२८ दिवसांच्या रिचार्जला एवढा खटाटोप नको. वर्षअखेरीला त्यातले फार तर काही दिवस उरतात, थेट खर्चात टाका. फक्त दरवर्षी तसंच करा, एक वर्ष असं आणि एक वर्ष तसं नको. एक गंमत ध्यानात ठेवा : २८ दिवसांचे रिचार्ज वर्षात बारा नाही, तेरा बसतात (१३ × २८ = ३६४). त्यामुळे एखाद्या महिन्यात दोन रिचार्ज दिसले म्हणून कुणावर संशय घेऊ नका. आधी तारखा मोजा.

तुमचा नंबर घरचाही आहे, तेव्हा घरचा वाटा तुमच्या उचल खात्याला (धंद्यातून स्वतःसाठी काढलेल्या पैशांचं खातं) नावे. वाटा किती, ते एक महिन्याचे कॉल बघून ठरवा आणि कशावरून ठरवलं ते कागदावर लिहून ठेवा. नुसतं 'निम्मं निम्मं' लिहिलेल्या वह्या मी पुष्कळ बघितल्यात. विचारलं तर उत्तर कुणाकडेच नसतं. एखाद्या मुलानं पदरच्या पैशानं रिचार्ज मारला, तर खर्च त्या तारखेचाच धरा आणि रक्कम त्याच्या खात्याला जमा करा, पैसे हातात नंतर दिलेत तरी.

आता न विचारलेलं सांगते. नोंदी सोप्या असतात, घोळ नंबरांत असतो. एकदा एका गिऱ्हाइकाकडे वही तपासत होते. फोन सात आणि रिचार्ज आठ. आठवा नंबर कुणाचा, ते मालकालाही सांगता येईना. मी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून आवाज आला, "बोला शेठ!" आठ महिन्यांपूर्वी काम सोडून गेलेला माणूस. आपोआप होणारा रिचार्ज कुणी बंदच केला नव्हता आणि तो बिचारा समजत होता, शेठनी जुनी आठवण ठेवली. नंतरचे सगळे रिचार्ज त्याच्याकडे मागायचं धाडस मालकाला झालं नाही. त्या नंबरचा व्यवसायाला उपयोग नव्हताच, तेव्हा ती रक्कम आम्ही टेलिफोन खर्चातून काढून 'इतर नुकसान' म्हणून दाखवली.

म्हणून एका पानावर नंबर, कुणाकडे आहे, कधीपासून, रिचार्जची तारीख आणि किती दिवसांचा, एवढं लिहा. रिचार्ज झाल्याचा मेसेज त्याच दिवशी छापून व्हाउचरला टाचा. फोन हरवला की मेसेजही जातो.