झेब्राफिशचं मूत्रपिंड: सुरुवात कुठून करशील?

झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणात मूत्रपिंड कसं घडतं हे शिकताना समोर येणारी जनुकांची लांबलचक यादी बघून दचकू नकोस. या भ्रूणात नेफ्रॉन (रक्त गाळून मूत्र बनवणारे घटक) दोनच, आणि २४ तासांत त्यांचे भाग ठरून जातात. आधी निरोगी भ्रूणात या खुणा, म्हणजे कुठला भाग कुठे आहे ते दाखवणारी जनुकं, ओळखायला शीक:

– डब्ल्यूटी१ए: पोडोसाइट (रक्त गाळणाऱ्या पेशी)
– सीडीएच१७: नेफ्रॉनची अख्खी नलिका
– एसएलसी१२ए३: नलिकेचा शेपटीकडचा भाग

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे घड्याळावर विसंबणं. इन्क्युबेटर २८.५ अंशांच्या खाली गेला की भ्रूण मागे पडतात. मग जनुक बंद केल्यानं नलिका बिघडली असं वाटतं, खरं तर वयच कमी असतं. सोमाइट (भ्रूणाच्या पाठीलगतचे, वयाबरोबर वाढत जाणारे खंड) मोज, कंटाळा आला तरी.

हृदयाभोवती पाणी साठलं की लगेच मूत्रपिंडाला दोष देऊ नकोस, हृदय बिघडलं तरी तसंच दिसतं. मॉर्फोलिनो (जनुकाचं काम रोखणारा कृत्रिम रेणू) टोचणार असशील तर कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा गट, हवाच. नेफ्रॉनचे भाग ठरवण्यात हात असलेल्या रेटिनॉइक अ‍ॅसिडच्या भानगडीत मात्र इतक्यात पडू नकोस.