गावाला हिरवं कार्ड मिळालंय, मग नळाचं पाणी न उकळता प्यायचं का?

तुम्ही लिहिलंय की ग्रामपंचायतीत हिरवं कार्ड लावलंय, सरपंच म्हणतात पाणी एक नंबर आहे, पण घरात आठ महिन्यांचं बाळ आहे आणि सासूबाई पाणी उकळायलाच लावतात. तूर्तास सासूबाईंचं ऐका.

जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवलं, आमच्या गावातल्या त्या पाचांत मी आहे. कार्ड मिळतं ते वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर होणाऱ्या पाहणीवरून. विहिरीभोवती घाण आहे का, पाइप गळतात का, टीसीएलचा, म्हणजे जंतू मारायला पाण्यात टाकतात त्या क्लोरीनच्या पावडरीचा, साठा आहे का, साथ आली होती का, हे बघून लाल, पिवळं की हिरवं ते ठरतं. म्हणजे ते गावाच्या व्यवस्थेचं कार्ड आहे. आज सकाळी तुमच्या हंड्यात काय पडलं, ते त्याला कुठून कळणार?

ते कळतं ओ.टी. टेस्टने, म्हणजे पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन उरलाय का ते बघायच्या तपासणीने. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे. रंग पट्टीशी ताडून बघितला की किती आहे तेही कळतं. लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम तरी हवं. पाच मिनिटांचंही काम नाही.

पण पाणी कुठलं घेता, त्यावर सगळं आहे. आमच्याकडे रोज टाकीखालच्याच नळाचं पाणी तपासायचे. तिथे मस्त पिवळं यायचं, वहीत बरोबरची खूण व्हायची. मी एकदा शेवटच्या आळीत नळी भरली, तर पाणी जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग टीसीएलचं पोतं बघायला गेले. तोंड उघडं, भिंतीला ओल, पावडरीचे ढेकळं झालेले, आणि नाकाशी नेली तरी वास नाही! ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो आणि हजार लिटरला पाच ग्रॅम हा हिशोब त्या ताज्या पावडरीचा. म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पोत्यातला क्लोरीन हवेत उडून गेला असेल, तर पाव किलो टाका नाहीतर अर्धा, वहीत आकडा छान दिसतो आणि टाकीत पडतो चुना. त्यात आमचा गडी पावडर कोरडीच टाकीत ओतायचा. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळीच टाकायची असते आणि अर्धा तास तरी थांबून मगच पाणी सोडायचं असतं.

दुसरा घोटाळा पाइपांचा. आपल्याकडे पाणी तासभर येतं आणि जातं. पाणी गेलं की लाइन रिकामी होते आणि पाइप गटारातून गेला असेल, तर गळतीच्या जागेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावर पहिली बादली झाडांना घाला. शेवटच्या घरापर्यंत थोडा क्लोरीन उरायला हवा तो याच्याचसाठी. वास येतो म्हणून टीसीएल कमी करा असं भांडणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका.

तेव्हा पंचायतीत कार्ड न बघता ओ.टी.ची वही मागा. त्यात रोज एकाच नळाची नोंद असेल, तर तुमच्या आळीत येऊन तुमच्यासमोर तपासायला सांगा. सलग पिवळं येऊ लागलं की उकळण्याबद्दल पुन्हा विचार करू.

उकळून जंतू मरतात, पण खत-शेणातून पाण्यात उतरणारा नायट्रेट हा क्षार जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. बोअरचं पाणी असेल आणि आजूबाजूला ऊस किंवा गोठे असतील, तर बाळासाठी नायट्रेटचा रिपोर्ट आवर्जून बघा, लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत हे तपासून मिळतं. तिथूनच जंतूंसाठीही नमुना तपासून घ्या. त्यासाठीची बाटली तेच देतात आणि ती अजिबात विसळायची नाही. आत क्लोरीन मारणारं औषध असतं, ते विसळण्यात निघून जातं आणि मग वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो, रिपोर्ट खोटाच चांगला येतो. आमचा पहिला नमुना मीच घासून-पुसून, चकचकीत करून नेला होता.