दिवंगत माजी विद्यार्थ्यांविषयी लिहिताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या तालुक्यातील महाविद्यालयाला पुढील वर्षी पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. माजी विद्यार्थी मंडळ त्यानिमित्त स्मरणिका काढणार असून तीत दिवंगत माजी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असावा, यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पुढे. आमदार, जिल्हा परिषदेचे पदाधिकारी, डॉक्टर, वकील आणि राजपत्रित अधिकारी यांचाच परिचय छापावा व बाकीच्यांची नुसती यादी द्यावी, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही; परंतु सर्वांविषयी लिहायचे ठरले तर काय लिहावे आणि माहिती कोठून मिळवावी, हेही उमगत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मंडळाच्या पुढच्या बैठकीत आपण आपले मत ठामपणे मांडावे, कारण ते योग्य आहे. आपल्या भागात तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघण्यापूर्वी पदवी घ्यायची म्हणजे नागपूर किंवा अमरावती गाठावी लागे. गहुलीचे वसंतराव नाईक नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९३८ मध्ये बी.ए. झाले आणि १९४० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पुढे ते मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्यावर विपुल लिहिले गेले. तालुक्याच्या महाविद्यालयाने मात्र ज्यांना नागपूरचा खर्च झेपला नसता, अशा घरांतील मुलामुलींना पदवीधर केले. सायकलला डबा अडकवून आठ-दहा मैलांवरून येणारी ही मुले पुढे याच परिसरात शिक्षक, ग्रामसेवक, गटसचिव, पोस्टमास्तर, जिनिंगमधील हिशेबनीस झाली, आणि पुष्कळशी आपल्या वावरातच राहिली. आपल्या महाविद्यालयाने पन्नास वर्षांत काय केले, याचे खरे उत्तर या माणसांच्या आयुष्यात आहे. त्यांना यादीत ढकलून आमदारांचे छायाचित्र पानभर छापले, तर स्मरणिका कोणत्याही महाविद्यालयाची असू शकेल.

माझ्या मते नियम एकच ठेवावा : परिचयाची लांबी पदावरून ठरवू नये, मिळालेल्या खात्रीच्या माहितीवरून ठरवावी. कोणाविषयी चार ओळी मिळतील, कोणाविषयी दोन पाने. त्यात कमीपणा नाही. आणि लिहिताना पदांपेक्षा कामाकडे लक्ष द्यावे. मलकापूर तालुक्यातील नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते यांचेच पाहा. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू, १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, पद्मश्री, असे लिहून थांबलो तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. महानुभाव पंथाच्या जुन्या पोथ्या मिळवून, पाठ ताडून पाहण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले आणि कुलगुरुपदावरून उतरल्यानंतर १९७८ मध्ये त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ बाहेर आले, हे सांगितले की तो माणूस दिसू लागतो.

हाच न्याय गटसचिवाला लावता येतो. नमुन्यादाखल एक कल्पित नोंद देतो : ‘बी.कॉम. झाल्यावर सेवा सहकारी संस्थेत गटसचिव. तीन गावांच्या पीककर्जाची कागदपत्रे त्यांच्याकडे असत. मृग लागण्याआधी पैसा शेतकऱ्याच्या हाती पडावा म्हणून भर उन्हाळ्यात सातबारा आणि आठ-अ जमवत ते खातेदारांच्या घरी स्वतः जात. अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी नाव गिरवून घेतले आणि कर्जाच्या अर्जावर सही करायला लावली.’ या चार वाक्यांत ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ किंवा ‘कर्तव्यदक्ष’ यांपैकी एकही शब्द नाही, तरी तो गृहस्थ कसा होता ते कळते. शोकसभेतील भाषणे आणि तेरवीच्या पत्रिकेतील मजकूर यांवरून परिचय लिहू नये असे मी म्हणतो ते यासाठीच. तेथे सगळेच मनमिळाऊ असतात.

माहितीच्या खात्रीबाबत थोडे विस्ताराने सांगतो, कारण चुका येथेच होतात. पहिली गोष्ट विद्यापीठाची. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि वऱ्हाडातील महाविद्यालये दीर्घकाळ त्याच्याशीच संलग्न होती. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झाले. म्हणजे आपल्या महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या तुकड्यांची पदवी नागपूर विद्यापीठाची आहे. त्यांच्या नावापुढे ‘संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ’ लिहिणे चूक ठरेल, तसेच १९८० च्या पदवीधराला ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ हे नाव लावणेही बरोबर नाही, कारण तो नामविस्तार २००५ मधील आहे. १९८३ च्या आगेमागे शिकलेल्यांच्या बाबतीत अंदाज न करता पदवीचा कागद प्रत्यक्ष पाहावा. चंद्रपूर-गडचिरोलीकडील मंडळांनाही हीच काळजी घ्यावी लागेल, कारण तेथे २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आले.

दुसरी गोष्ट जन्मतारखेची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै टाकून दिल्याची उदाहरणे घरोघर आहेत. घरच्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म आठवत असेल आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर वेगळे सांगत असेल, तर ‘शालेय नोंदीनुसार’ असे म्हणून तारीख द्यावी आणि घरची आठवणही नोंदवावी.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असलेल्यांच्या घरी दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकाची कर्मचाऱ्याकडची प्रत, आहे का, हे आवर्जून विचारावे. कपाटात, विम्याच्या पावत्यांखाली ते बहुधा सापडते. पहिल्या पानावर जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, शैक्षणिक अर्हता, उंची, ‘उजव्या भुवईवर व्रण’ अशी ओळखीची खूण, बोटांचे ठसे. पुढे रुजू झाल्याची तारीख आणि एकेका बदलीची नोंद. कोणत्या वर्षी माणूस कोणत्या गावी होता हे एकदा कळले, की त्या गावी जाऊन त्याला ओळखणारे शोधता येतात, आणि परिचयात घालण्यासारखे जे असते ते तेथेच मिळते.

मोठ्या नावांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. काटोलकडील राजकीय नेते डॉ. श्रीकांत जिचकार यांनी नागपूर विद्यापीठाच्या अनेक पदव्या घेतल्या. २ जून २००४ रोजी कोंढाळीजवळ अपघातात ते गेले. त्यांच्या पदव्यांचा आकडा निरनिराळ्या लेखांत निरनिराळा आढळतो. एवढ्या प्रसिद्ध व्यक्तीबाबत असे होते, तर छापून आलेला मजकूर जसाच्या तसा उचलण्यात किती धोका आहे हे ध्यानात येईल.

प्रश्न : आमच्या वर्गमित्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि नोकरी न धरता गावी शेती केली. काही वर्षांपूर्वी त्याने आत्महत्या केली. आमच्या बॅचच्या पुस्तिकेत त्याच्याविषयी लिहायचे आहे. कारण लिहावे की टाळावे?
— एक शेतकरी, बाळापूर तालुका, जि. अकोला

उत्तर : हा निर्णय बॅचचा नाही, त्याच्या घरच्यांचा आहे, म्हणून लेखणी उचलण्याआधी त्याच्या पत्नीला किंवा आईवडिलांना भेटा. त्यांनी ‘लिहू नका’ म्हटले तर ‘निधन’ एवढेच लिहावे आणि त्यामागे काही दडवले आहे असे सुचवणारा एकही शब्द वापरू नये. त्यांची संमती असेल तर एका साध्या वाक्यात सत्य सांगावे. कसे, कोठे, कशाने हे तपशील कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. कर्ज, नापिकी, भाव यांपैकी एकाच गोष्टीवर बोट ठेवून त्याच्या मृत्यूचा उलगडा करण्याचा मोहही आवरावा. जवळच्या माणसांनाही तो पूर्ण झालेला नसतो, आणि आपण ठामपणे लिहिलेले एक कारण त्याच्या मुलांना आयुष्यभर वाचावे लागते.

परिचयाचा मोठा भाग त्याच्या शेतीला द्यावा. कृषी पदवीधर गावी परततो तेव्हा धुऱ्याला धुरा लागून असलेले शेतकरी त्याच्याकडे काहीतरी विचारायला येतातच. कोणते वाण त्याने आधी लावून पाहिले, कपाशीत तुरीच्या ओळी किती अंतरावर घेतल्या, बोंडअळीच्या वर्षी लोकांना काय सांगितले, माती परीक्षणाला कोणाकोणाला घेऊन गेला, हे शेजाऱ्यांना विचारा. त्याच्या हातची टिपणवही असेल तर तिचे एक पान घरच्यांच्या परवानगीने छापा. मजकूर तयार झाल्यावर छापखान्यात देण्यापूर्वी घरच्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेला बदल वाद न घालता करा.

प्रश्न : माझ्या आईने नागपूर विद्यापीठातून बी.ए. केले होते. लग्नानंतर ती खेड्यात आली आणि तिने कधी नोकरी केली नाही. तिच्या महाविद्यालयाकडून दिवंगत विद्यार्थिनींची माहिती मागवली आहे. मागवलेल्या तक्त्यात ‘हुद्दा’ हा रकाना आहे. तो रिकामा सोडावा का?
— एक वाचक भगिनी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, तो रकाना खोडून तेथे ‘कार्य’ असे लिहा आणि जागा कमी पडली तर वेगळा कागद जोडा. त्या काळी खेड्यात आलेली पदवीधर सून काय काय करीत असे, हे आपण डोळ्यांनी पाहिले असेल : कोणाचे पत्र वाचून दाखवणे, बँकेचा किंवा निराधार योजनेचा अर्ज भरून देणे, शेजारच्या मुलींचे इंग्रजी आणि गणित करून घेणे, एखादीच्या वडिलांना समजावून तिला दहावीपुढे शिकू देणे. यांतले जे आईने खरोखर केले तेवढेच लिहावे, आणि ज्या मुली तिच्यामुळे शिकल्या त्यांच्यापैकी एकीकडून दोन परिच्छेद मागून घ्यावेत.

एक व्यावहारिक सूचना. महाविद्यालयाच्या जुन्या रजिस्टरमध्ये आईचे नाव माहेरचेच असणार. अमरावतीला जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण १९२६ मध्ये नागपूर विद्यापीठाची पदवी घेतली तेव्हा त्या कुसुम जयवंत होत्या. एवढ्या नामांकित लेखिकेचीही नोंद सासरच्या नावाने शोधणाऱ्याला सापडायची नाही. म्हणून तक्त्यात माहेरचे पूर्ण नाव आधी, सासरचे नाव नंतर आणि परीक्षेचे वर्ष, अशा क्रमाने लिहा. पदवीपत्र किंवा गुणपत्रिका हाती लागली तर तिच्यावरील आसन क्रमांकही द्या, म्हणजे कार्यालयातील लिपिकाला नोंद ताडून पाहणे सोपे जाईल.